तीन नंबरच्या पंपाचा तक्ता

ताई माझ्याकडे आठ दिवस आराम करायला आली होती. आराम हा प्रकार तिने एकतीस वर्षं फक्त दुसऱ्यांना सांगितला होता, त्यामुळे तो स्वतः कसा करतात हे तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला मशीनच्या खोलीत, तीन नंबरच्या पंपासमोर उकिडवी बसलेली सापडली.

ती इस्पितळात नर्स होती, शेवटची बारा वर्षं वॉर्डाची प्रमुख. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, आमचे भावोजीसुद्धा. निवृत्त झाल्यावर मुलाने आणि सुनेने तिला खुर्चीत बसवलं आणि आता काही करायचं नाही असं बजावलं. तिने काही केलं नाही. फक्त घरातल्या सगळ्यांचं ब्लडप्रेशर रोज तीनदा मोजलं. पंधरा दिवसांत सगळ्यांचंच वाढलेलं निघालं, मग मुलाने तिला माझ्याकडे आणून सोडलं.

माझं गाडी धुवायचं केंद्र आहे. चार गाळे आहेत. नाणं टाकायचं, भिंतीवरची पाण्याची गन उचलायची, आपली गाडी आपण धुवायची. याला माणूस लागत नाही, असं मशीन विकणाऱ्याने सांगितलं होतं. लागतो. तो माणूस म्हणजे मी. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून आमचं घर या चार गाळ्यांवर चाललं होतं, आणि गेले दोन महिने हे गाळे गळत होते.

त्यात यंदा पाण्याची बोंब. पाणी खात्याची नोटीस आली: गाडी धुतली जात नसताना रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं तर जोडणी तीन महिने बंद. साहेब शुक्रवारी अकराला पाहणीला येणार होते. तीन महिने पाणी नाही म्हणजे माझ्या दुकानाला टाळंच.

मिस्त्री तीनदा येऊन गेला होता. गळती म्हटलं की तो पांढरी टेप काढायचा आणि हाताला लागेल ते गुंडाळायचा. दर वेळी जाताना म्हणायचा, आता थेंब पडला तर नाव बदलीन. शब्दाला जागला असता तर एव्हाना त्याचं चौथं नाव चालू असतं.

ताईने त्याला पुन्हा बोलावून घेतलं आणि समोर उभं करून विचारलं, कधीपासून गळतंय? सकाळी जास्त की संध्याकाळी? पाणी चालू असताना की बंद केल्यावर? मिस्त्री म्हणाला, सिस्टर, हे मशीन आहे. ताई म्हणाली, असू दे, आधी हात धुऊन या. त्याला फार लागलं. पंचवीस वर्षांत त्याला कुणी हात धुवायला सांगितलं नव्हतं, आणि पाहिल्यावर ते पटतही होतं. पण धुतलेल्या हाताने, पुसलेल्या खाचेत त्याने रबरी रिंग बसवली आणि दोन नंबरची गन गळायची थांबली. जुन्या रिंगेखाली वाळूचे कण अडकले होते, ते टेपने कसे निघणार. त्यानंतर मिस्त्री आला की आधी नळाकडे जायचा.

मग ताईने तक्ता केला. माझ्या मुलाच्या वहीतलं मधलं पान काढलं, रकाने आखले: वेळ, आत किती, बाहेर किती, रंग, शेरा. एकेका गाळ्याचा कॉक बंद करून ती मीटर बघायची, दर तासाला मोजून लिहायची. गिऱ्हाईक आलं तर त्याला सांगायची, चार नंबर रिकामा नाही, निरीक्षणाखाली आहे. लोक घाबरून एक नंबरला जायचे. मी कपाळाला हात लावला. पण बुधवारपर्यंत चार नंबरच्या फेसाच्या ब्रशचा चिरलेला पाइप सापडला, तो बदलला, आणि मीटर जवळजवळ थांबलं.

उरला तीन नंबरचा पंप. त्याच्या पोटाखाली बोटभर भोक आहे, त्यातून ठिबकत होतं. तासाला पाच लिटर, आणि पंप चालू असला की धारच. खाली ताट सरकवलं तर पंधरा मिनिटांत भरायचं, मग उंबऱ्यावरून ओहोळ थेट रस्त्यावर. मिस्त्रीने सांगितलं, आतलं सील गेलंय, नवं मागवायला दहा दिवस लागतील. हेही सांगितलं की भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील झिजलं की पाणी त्यातून बाहेर येतं, तेलात जात नाही. मी ते ऐकलं. ऐकणं वेगळं आणि मनावर घेणं वेगळं.

ताई म्हणाली, दहा दिवस हा गाळा बंद ठेव. सांगायला काय जातंय. तीन नंबर सगळ्यात मोठा, टेम्पो तिथेच शिरतात, माझा अर्धा धंदा तिथला. मी म्हटलं, बघते.

गुरुवारी दुपारी ताई आंघोळीला गेली. मी ती मळून लावायची पुट्टी आणली, दोन रंगांची, चांगली गोळी केली आणि भोकात कोंबली. अर्ध्या तासात दगड झाली. खाली थेंब नाही. फरशी अशी कोरडी झाली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ताईला सांगितलं, मिस्त्री येऊन काहीतरी करून गेला.

तीन वाजता तिने तक्त्यावर शून्य लिहिलं आणि त्या शून्याकडे बघत बसली. चारला शून्य. पाचला शून्य. मला वाटलं खूश होईल. तिने उलट चौकशी लावली. मिस्त्रीने नक्की काय केलं, हे तिने मला तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा म्हटलं, मला काय त्यातलं कळतंय.

शुक्रवारी साहेब बरोबर अकराला आले. बारीक माणूस, चकचकीत बूट, काखेत वही. रस्त्याच्या कडेने चालत गेले, परत आले, बुटाच्या टोकाने फरशी घासून पाहिली. कोरडी ठणठणीत. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. तीन नंबरला एक टेम्पोवाला फेस लावत होता. सगळं कसं छान चाललं होतं.

तेवढ्यात पाणी थांबलं. टेम्पोवाला फेसात उभा राहून ओरडायला लागला. ताईने मशीनच्या खोलीत मेन स्विच खाली ओढला होता. दारात येऊन ती म्हणाली, साहेब, आत या. तूही ये.

पंपाच्या बाजूला तेल दिसायला एक गोल काच असते. त्यातलं तेल मधाच्या रंगाचं असायचं. आता ते दुधाच्या चहासारखं दिसत होतं. बाहेर यायची वाट बंद झालेलं पाणी आत तेलात शिरलं होतं. मी काही म्हणायच्या आत ताईने स्वयंपाकघरातल्या सुरीने पुट्टीची गोळी उखडली. पाणी भसकन बाहेर आलं, साहेबांच्या बुटांवरून उंबऱ्याकडे गेलं आणि उंबऱ्यावरून रस्त्यावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन मिनिटं थांबली असती तर सही झाली होती.

वर तिने साहेबांच्या हातात तक्ता दिला. म्हणाली, काल दोनपर्यंत तासाला पाच लिटर. त्यानंतरची शून्यं माझ्या हाताची आहेत, पण ती खोटी आहेत.

साहेबांनी तक्ता वरून खाली वाचला. मग पुन्हा वाचला. शेवटी वहीत लिहिलं: गाळा तीनचा पुरवठा दुरुस्तीपर्यंत बंद, बाकी तीन चालू. कॉकला तार बांधून शिक्का लावला. तक्ता वहीला टाचून घेतला. जाताना एक नंबरमध्ये गेले, स्वतःच्या खिशातलं नाणं टाकलं आणि बूट धुतले. टेम्पोवाल्याला मी दोन नंबरवरून लांब पाइप ओढून मोकळं केलं.

मग मी ताईवर तुटून पडले. म्हटलं, जोडणी वाचली ते माझं नशीब, तुझी करणी नाही. दोन मिनिटं धीर धरवला नाही तुला? साहेब गेल्यावर उखडायचं होतं काय ते. जन्मभर लोकांवर हुकूम चालवलेस, घरचे कंटाळले, आता माझ्या पोटावर पाय द्यायला आलीस. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

ताई फडक्याने तेलाची काच पुसत होती. तिने आवाज चढवला नाही.

"माझं पहिलंच वर्ष होतं," ती म्हणाली. "एक ऑपरेशनचा पेशंट होता. पोटात नळी ठेवली होती, आतलं घाण पाणी बाहेर यायला. सकाळपासून येत होतं, दुपारी थांबलं. मला बरं वाटलं. चार्टवर शून्य लिहिलं. त्याची बायको तीन दिवस बाकावर बसून होती. तिला सांगितलं, थांबलंय आता, सुधारतायत, तुम्ही घरी जाऊन जरा झोपा."

मी विचारलं, मग?

"मग ती गेली झोपायला."

नळी अडली होती. आतलं आतच साचत होतं. संध्याकाळी तो गेला तेव्हा बायको घरीच होती, तिला उठवायला कुणाला तरी पाठवावं लागलं. ताईने ही गोष्ट आईला सांगितली नव्हती, भावोजींना सांगितली नव्हती. आणि मी इतकी वर्षं समजत होते की ती आम्हाला बावळट समजते, म्हणून सगळं तीन-तीनदा तपासते. मला फार वाईट वाटलं, तिच्यासाठी आणि माझ्या जिभेसाठीही.

"ताई," मी म्हटलं, "तू बावीस वर्षांची होतीस."

"तो चौतीसचा होता," ती म्हणाली, आणि ताट मागितलं. पंपात उरलेलं पाणी अजून ठिबकत होतं. मी ताट आणलं आणि खाली धरून बसले.