बारा धावा आणि मंगलाष्टकं

बायकोच्या माहेरून आलेल्या सामानात एक कॅसेट होती. शाळेत असताना तिने रेडिओवरून भरून घेतलेली, एका जुन्या कसोटी सामन्याच्या शेवटच्या तासाची. जर्मनीत, वाल्डॉर्फच्या आमच्या घरात ती दर रविवारी सकाळी लागायची. बाहेर सगळं सामसूम असायचं. चर्चची घंटा थांबली की समालोचकाचा घोगरा हिंदी आवाज आणि त्यामागची गर्दीची खरखर, एवढंच. मी पुस्तक घेऊन शेजारी बसायचो. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही. हे लग्नाआधी विचारून घ्यायला हवं होतं, असं ती पाहुण्यांसमोर सांगायची.

"अगं, तो सामना संपून किती वर्षं झाली," मी म्हणायचो.

"तुझ्या कादंबऱ्यांतली माणसं तर जन्मालाच आली नाहीत. तरी डोळे पुसतोस ना? मग गप्प बस."

अडचण वेगळीच होती. शेवटची जोडी मैदानात, जिंकायला बारा धावा हव्यात, गोलंदाज धावत निघालाय, आणि एकदम सनई. तिच्या आत्याच्या लग्नात कोरी कॅसेट सापडेना, तेव्हा तिच्या वडिलांनी हाताला लागली ती टेपरेकॉर्डरमध्ये घातली होती. पुढे सगळी मंगलाष्टकं.

"आत्याचा संसार झकास झाला," बायको म्हणायची. "माझी शेवटची जोडी मात्र मांडवात अडकली."

सनईचा पहिला सूर आला की ती बटण दाबायची आणि तिथून पुढचा सामना स्वतः सांगायची. मराठीत, कणकेच्या हातांनी. निकाल दर वेळी निराळा. मी कपडे वाळत घातले असले तर आपण षटकार मारून जिंकायचो. विसरलो असलो तर फलंदाज पायचीत, आणि पंच माझ्याकडे रोखून बघत बोट वर करायचे. खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा जिन्यात हळूच विचारलं, रविवारी तुमचं भांडण होतं का? मी म्हटलं, नाही, क्रिकेट असतं. त्यांना भांडण अधिक पटलं असतं.

ती गेली त्यानंतर बरेच रविवार मी ती कॅसेट लावली नाही. सनईनंतर घर किती गप्प होईल, याची भीती वाटायची.

मुलगी तेव्हा येनाच्या विद्यापीठात शिकत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. एका रविवारी ती घरी होती. तिनेच, मला न विचारता, कॅसेट लावली. मी पुस्तक उघडलं, पण एक ओळही पुढे सरकेना.

"खरं कोण जिंकलं होतं?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. तिने फोन उचलला. "बघू का?"

"नको."

सनई वाजली. तिने बटण दाबलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. मी पुस्तक मिटलं.

"गोलंदाज आला," मी म्हणालो. "चेंडू टाकला. फलंदाजाने तो लांब मारला. दोघं पळतायत. अजून पळतायत. सात धावा."

"झीबेन?" जर्मनमधले सात ती किंचाळली. "नाइन, बाबा!" म्हणजे अजिबात नाही.

"दमले नव्हते गं ते."

ती उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. "आल्झो," म्हणजे 'तर मग', एवढंच जर्मनमध्ये म्हणाली, आणि पुढचं सगळं मराठीत बोलली. माझ्या सात धावा रद्द. चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर, फलंदाजाने सोडून दिला, धाव नाही. क्रिकेटचे शब्द तिला जर्मनमध्ये कुणी शिकवलेच नव्हते, जे होते ते आईकडून आलेले. ती अडखळत होती, मधेच थांबून शब्द शोधत होती. मी टाळ्या वाजवत होतो, बहुधा भलत्याच जागी.

जिंकायला दोन धावा उरल्या तेव्हा तिने घड्याळ पाहिलं आणि सॅक खांद्याला लावली. तिच्या ट्रेनची वेळ झाली होती.

"अगं, आणि सामना?" मी दारापर्यंत तिच्या मागे गेलो.

"पुढच्या महिन्यात येते ना," ती बूट चढवत मराठीतच म्हणाली. "तोवर कुणाला आउट करू नकोस हं, बाबा."