दोष वाऱ्याचा नव्हता

गुणवंत धामणकर आता उडत नाहीत. त्यांनी पॅरामोटर विकलेली नाही. पाठीवर बांधायचं इंजिन, त्यामागचा पंखा आणि डोक्यावर उघडणारं लांबट पॅराशूट, सगळं शारजात अल मजाजच्या त्यांच्या इमारतीखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून आहे. वॉचमन अधूनमधून विचारतो, हटवायचं का. ते म्हणतात, राहू दे.

धामणकर एक्कावन्न वर्षांचे आहेत. हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप कंपनीत मेंटेनन्स मॅनेजर आहेत. पत्नी छाया आणि मुलगी मुग्धा यांच्यासह इथे आता बरीच वर्षं झाली. शारजात नवीन आलेल्या माणसाला ते किंग अब्दुल अझीझ रस्त्यावर नेऊन उभं करायचे आणि सांगायचे, हा रस्ता म्हणजे जुनी धावपट्टी. लंडनहून हिंदुस्थानात जाणारी विमानं इथे रात्रीच्या मुक्कामाला उतरत.

पण त्यांचा खरा रस विमानात नव्हता. तो होता पडलेल्या माणसांमध्ये. पॅरामोटर उडवणाऱ्यांच्या क्लबात हंगामाच्या सुरुवातीला ते दरवर्षी बोलत, तेव्हा जर्मनीतला लिलिएन्थाल १८९६ साली का पडला हे सांगत: वाऱ्याच्या झोताने ग्लायडरचं नाक उचललं गेलं आणि वेग संपला. इंग्लंडातला पिल्चर तीन वर्षांनी पडला. ग्लायडर पावसाने भिजलेलं होतं, पण पाहुणे बोलावलेले होते म्हणून तो उडाला, आणि शेपटीचा दांडा मोडला. शेवटी धामणकर सांगत, "ही माणसं का पडली ते पुढच्यांना कळलं, म्हणून पुढचे उडाले. कारण दडवायचं नाही."

मुश्ताक मुकादम मागच्या रांगेतून हात वर करत. दापोलीकडचे मुश्ताक अजमानमध्ये एसी दुरुस्तीचा धंदा चालवत, आणि धामणकरांबरोबरच उडायला शिकले होते.

"गुणवंतभाई, तुमच्या वळखीचे सगळे पडलेलेच. एखादा म्हातारा होऊन, खाटेवर मेलेला नाय काय?"

"ऑरविल राइट. शहात्तरचा होऊन गेला."

"मग त्याचं सांगा की. घरी जाऊन बायकोला सांगाया बरं."

मुश्ताक यंदाच्या संक्रांतीच्या सहलीत वारले. अधिकृत नोंदीत कारण आहे ते असं: अस्थिर वारा, कमी उंची, चालकाचा चुकीचा निर्णय. ते कारण खोटं आहे हे धामणकरांना पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

सहल तिथल्या मराठी मंडळाची होती. संक्रांतीनंतरच्या शनिवारी, रास अल खैमाच्या बाहेर, वाळवंटात. तंबू, गुळपोळ्या, मुलांच्या हातात पतंग. मंडळाचे अध्यक्ष आत्माराम खानविलकर यांना वरून तिळगूळ टाकायला हवा होता.

"वरून काही टाकायचं नाही. परवानगीत नाही," धामणकर म्हणाले.

"अहो, हलव्याचे दाणे ते. बॉम्ब नाहीत."

"नाही म्हणजे नाही."

शेवटी ठरलं की मुश्ताक तंबूंपासून लांब, टेकाडाच्या पलीकडून एक फेरी मारतील, उतरतील आणि तिळगूळ हाताने वाटतील. धामणकर खाली रेडिओ घेऊन उभे राहतील. आत्मारामांनी भोंग्यावरून सांगितलं, सगळ्यांनी पतंग उतरवा. ज्याच्या हातात फिरकी होती त्याने गुंडाळली. धामणकरांनी तंबूंवरचं आकाश पाहिलं. पतंग नव्हता. रेडिओवर ते म्हणाले, "आकाश मोकळं. ये."

"यल्ला, आलोच," मुश्ताक म्हणाले.

एक पतंग वर होता. तो कुणाच्याच हातात नव्हता. मुग्धाने तो गाड्यांच्या रांगेत, धामणकरांच्याच गाडीच्या मागच्या हुकाला बांधला होता आणि ती जेवायला गेली होती. हात दुखला तर हुकाला बांध, हे तिला सकाळी धामणकरांनीच सांगितलं होतं. भोंग्याचा हुकूम फिरकी धरणाऱ्यांना होता. हुकाला तो ऐकू आला नाही. वाऱ्यावर पतंग टेकाडापलीकडे लांब गेला होता. एवढ्या लांबून तो ठिपका, आणि नायलॉनची दोरी तर दिसतच नव्हती. ती पॅराशूटच्या उजव्या दोऱ्यांत अडकली. हातातली दोरी सुटली असती. गाडीला बांधलेली सुटली नाही. उजवी बाजू मिटली आणि मुश्ताक फिरत खाली आले.

सर्वांत आधी धामणकर पोहोचले. बकल सोडवताना त्यांना दोऱ्यांत गुंतलेलं, दोन्हीकडे तुटलेलं नायलॉन दिसलं. हिरवं, जाड. घरातलं. मागे माणसं धावत येत होती. त्यांनी ते ओढून खिशात घातलं. चौकशीला आलेल्यांना ते म्हणाले, "वारा अचानक फिरला."

घरी त्यांनी छायाला सांगितलं. ती म्हणाली, "तेरा वर्षांची आहे ती. हे डोक्यावर घेऊन जगायचं तिने? खलास. हा विषय या घरात नको."

विषय घरातून गेला, पण बाहेर राहिला. मुश्ताक शायनिंग मारायला गेले, असं मंडळात बोललं जाऊ लागलं. क्लबात नव्या लोकांना त्यांचं नाव घेऊन सांगत, असं उडायचं नाही. धामणकर ऐकत. ते स्वतः मात्र परत उडाले नाहीत. पाठदुखीचं कारण सांगितलं.

या नोव्हेंबरात क्लबने त्यांना नेहमीचं भाषण करायला बोलावलं. मुग्धा लॅपटॉप सांभाळायला सोबत होती. लिलिएन्थाल झाला, पिल्चर झाला. एका नवख्याने विचारलं, "आणि मुश्ताक मुकादम?"

"वारा," धामणकर म्हणाले आणि पुढच्या चित्राकडे वळले. लॅपटॉपवर मुग्धाचा हात थांबला होता. चित्र बदललं नाही.

परतताना एमिरेट्स रोडवर गाड्या अडकल्या होत्या. मुग्धा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, इट वॉजन्ट द विंड."

धामणकरांनी गाडीतलं गाणं बंद केलं.

"आय वेंट बॅक टु द कार. माझी गाठ हुकावर होती. फक्त गाठ. आय ओपन्ड इट अँड थ्रू इट अवे." मग ती म्हणाली, "आय थॉट तुम्हाला माहीत नाही. म्हणून मी बोलले नाही."

दहा महिने दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती. धामणकरांनी पुढच्या एक्झिटला गाडी वळवली आणि अजमानच्या दिशेने लावली.

मुश्ताकांच्या पत्नी बदरुन्निसा मुकादम दापोलीला परतायच्या तयारीत होत्या. खोलीभर खोके. त्यांनी मुग्धाला खोक्यावरचे कपडे उचलून जागा करून दिली. धामणकर उभेच राहिले. पतंग, हूक, दोरी, खिसा, वारा, सगळं सांगितलं. "आकाश मोकळं असं मीच म्हणालो," हेही सांगितलं. मुग्धा म्हणाली, "पतंग माझा होता."

बदरुन्निसांनी तिच्याकडे पाहिलं, मग धामणकरांकडे. "म्हंजे त्यांची चूक नव्हती?"

"नव्हती."

"मी वरीसभर रोज त्यांना बोलते. नमाजाला बसले तरी मनात बोलते. कशाला गेलात एवढं खालून, पोरं लहान आहेत ते दिसलं नाय काय." त्यांचा आवाज चढला नाही. "मेलेल्या माणसाला दोष द्यायला लावलंत तुम्ही मला."

धामणकर म्हणाले की उद्या क्लबात आणि चौकशी अधिकाऱ्यांकडे जाऊन ते हेच सांगणार आहेत.

"ते तुमचं तुम्ही बघा. आमच्या गावात तुमचा क्लब नाय."

त्यांनी फोन उचलला, दापोलीला सासऱ्यांना लावला आणि स्पीकर चालू करून धामणकरांच्या हातात दिला. धामणकरांनी नाव सांगितलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडे कुणीतरी खोकलं. मग म्हातारे म्हणाले, "थांबा जरा. शेजारच्यांना हाक मारतो. ह्या ओट्यावर बसून माझ्या पोराला येडा म्हणालेत सगळे."

दारं वाजल्याचे, चपलांचे आवाज आले. बदरुन्निसा खोक्याला पट्टी लावायला वळल्या. मुग्धाने पट्टीचं दुसरं टोक धरायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"सांगा," म्हातारे म्हणाले. "पहिल्यापासून."