साहेब फाटकाबाहेर

आमच्या आत्यानं तिच्या साहेबांना मतदान केंद्रात कोंडून ठेवलं, अशी बातमी गल्लीत फिरतेय. किराणा दुकानातून बातमी निघाली तेव्हा तिच्यात साहेब खिडकीतून ओरडत होते. लाँड्रीपर्यंत पोचली तोवर बिचारे रडायला लागले होते.

खरं तर कोंडलं कुणालाच नाही. साहेबांना तिनं बाहेर ठेवलं. "कोंडणं वेगळं, बाहेर ठेवणं वेगळं," आत्या ठसक्यात सांगते. "कोंडायचा मला अधिकार नव्हता. बाहेर ठेवायचा होता."

आत्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात क्लार्क आहे. मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेरच तिचं टेबल. साहेबांचा आवाज म्हणजे बरेच दिवस कोरडा पडलेला नळ: आधी नुसती हवा, मग खाकरणं, मग एकदम धो धो. "अं… हं… या जरा!" एवढं ऐकलं की आत्याच्या घशाला कोरड पडते, तीही पाणीपुरवठ्यात बसून! एरवी ती काही मुखदुर्बळ नाही. भाजीवाल्याला घाम फोडते, माझ्या बाबांना, म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाला, "तू गप रे" म्हणते. पण साहेबांपुढे सगळं "हो सर, झालंच सर, आणते सर." त्यातून तिच्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला. हेडक्लार्क व्हायचं म्हणून तिनं किती वर्षं दम धरलाय, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तेवढ्यात निवडणूक लागली आणि आत्याला केंद्राध्यक्ष नेमल्याचा हुकूम आला. निवडणूक आयोगाकडे स्वतःची एवढी माणसं कुठून असणार? तो शाळांतून, ऑफिसांतून उसनी घेतो. पण एकदा घेतली की काम संपेपर्यंत ती ना साहेबांची, ना मंत्र्यांची, फक्त आयोगाची. प्रशिक्षणाहून आल्यावर हे वाक्य आत्यानं स्वयंपाकघरात इतक्यांदा ऐकवलं की शेवटी आतोबा म्हणाले, "आयोगाच्या बाई, दूध उतू गेलं."

रविवारी मतदान झालं. केंद्र होतं शाळेतल्या चित्रकलेच्या वर्गात. वेळ संपली तरी रांग फाटकापर्यंत होती. वेळेत रांगेत लागलेल्यांनाच मत देता यावं म्हणून आत्या नंबरच्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर आली आणि वाटायला सुरुवात केली ती थेट शेवटच्या माणसापासून. पुढून वाटत गेलं तर मागं शेपूट वाढतच राहतं; मागून सुरुवात केली की शेपटाला गाठ बसते. शेवटी उभा होता सलूनवाला, खांद्यावर टॉवेल, गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून आलेला. पहिली चिठ्ठी त्याला मिळाली. त्याच्या मागं आत्यानं पोलीस उभा केला, फाटकाची कडी लावली आणि मग पुढं वाटत गेली.

ती परत फाटकाशी येते न येते तोच बाहेर गाडीचं दार आपटलं.

"अं… हं… उघडा जरा!"

 सवयीनं "हो सर" आत्याच्या ओठांवर आलंसुद्धा. हात कडीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"वेळ संपली, सर."

"अहो, एका मिनिटाचं काम. मी काय परका आहे?"

"परके नाही, सर. उशिरा आलात."

सलूनवाल्याला राहवेना. "साहेब, माझी चिठ्ठी घ्या की. माझी तिकडं अर्धी दाढी वाट बघतेय."

"ती काय बसमधली जागा आहे उठून द्यायला?" आत्या कडाडली. "उभे राहा गपचूप!"

वर्गाच्या खिडकीतून सरकारपक्षाचा एजंट मधाळ आवाजात म्हणाला, "जाऊ द्या हो ताई, मोठे साहेब आहेत." त्याच्या मागून विरोधी पक्षाचा: "सोडा, सोडा! आमचेही चौघं घरी झोपलेत, उठवूनच आणतो."

साहेबांनी आवाज खाली आणला. आता धो धो नाही, थेंब थेंब. "उद्या ऑफिसला यायचंय ना? तुमचा तो कागद माझ्याच टेबलावर आहे."

आत्याला कागदही दिसला, त्यावरची सहीची कोरी जागाही दिसली.

"येईन ना, सर. उद्या तुम्ही 'या' म्हणालात की लगेच येईन. आज मी आयोगाची आहे."

दोन्ही एजंटांनी एकदमच खिडकीतून डोकी आत घेतली. दिवसभरात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. रांग पुढं सरकली, सलूनवाल्यानं मत दिलं, आणि साहेब गाडीत बसून निघून गेले.

सोमवारी केबिनमधून हाक आलीच. "या जरा. लिहून घ्या." साहेबांनी तक्रार सांगायला घेतली. आयोगाकडे. आत्याविरुद्ध. आणि टाइप करायची आत्यानंच! 'उद्धट', 'आडमुठी', काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही.

संध्याकाळी तिनं हे सांगितल्यावर मी म्हणाले, "आत्या, पैज! उद्या टाइप करताना 'उद्धट' तरी तू गाळणारच. नाही गाळलंस तर माझी सायकल महिनाभर तुझी."

"लाव," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या ऑफिसात धडकले. तिनं प्रत पुढं सरकवली. 'उद्धट' होतं, 'आडमुठी' होतं, शिवाय 'हुज्जत घातली'ही होतं. ते साहेब स्वतःच विसरले होते, आत्यानं सहीच्या वेळी आठवण करून दिली, "सर, काल हेही म्हणाला होतात."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"तक्रार करणं त्यांचा हक्क, आणि उत्तर देणं आयोगाचं काम. मधे माझी बोटं कशाला?"

आयोगाचं उत्तर पुढं आलं: केंद्राध्यक्षांनी केलं ते नियमाप्रमाणेच. बढतीच्या कागदावर मात्र अजून सही नाही. त्याबद्दल विचारलं तर आत्या खांदे उडवते आणि सायकलच्या चाकात हवा भरायला लागते. सीट तिनं स्वतःच्या उंचीला लावून घेतलीय. मी शाळेत पायी जाते.