दुकानाबाहेरच्या दोन कुंड्या

"दादा, गॉझ द्या. मोठं. आणि चिकटपट्टी."

परबकाकांची सून सुजाता काउंटरपाशी उभी होती. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाची स्ट्रिप कापत होतो. मान वर न करताच विचारलं, "कुणाला लागलं?"

"बाबांना. पायाला जखम झालीय, भरतच नाही. रोज कोरफड बांधतोय."

"शुगर किती आहे त्यांची?"

"शुगर तर गेली ना त्यांची? तुम्हीच सांगितलंत म्हणाले."

मी कात्री खाली ठेवली.

मी लालबागला केमिस्ट आहे. दुकान वडिलांनी काढलं. मी बी.फार्म. झालो आणि त्यांच्या खुर्चीत बसलो. राहायला ठाकूरद्वारला. आजूबाजूच्या चाळीतली निम्मी माणसं मला 'डॉक्टर' म्हणतात. मी डॉक्टर नाही, औषधं विकणारा आहे, हे मी कधी कोणाला सुधारून सांगितलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

परबकाका समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. गिरणी बंद पडल्यावर ते फोर्टातल्या एका ऑफिसात लिफ्टमन होते, तिथूनच रिटायर झाले. डायबेटिसच्या गोळ्या माझ्याकडूनच नेत. आमच्या धंद्यात अशा गिऱ्हाइकाला 'रिपीट' म्हणतात. दर महिन्याला तीच औषधं, त्याच सुमारास. दुकान चालतं ते या लोकांवर. खोकल्याची बाटली नेणारा आज आहे, उद्या नाही.

दुकानाच्या पायरीशी मी दोन कुंड्या ठेवल्या होत्या. एकीत कोरफड, दुसरीत इन्सुलिन प्लांट. केमिस्टच्या दारात औषधी झाडं, शोभतात, एवढाच विचार. काका रोज सकाळी पेपर वाचायला पायरीवर बसत आणि दोन्हींना तांब्याने पाणी घालत. दोन्हींना सारखंच. त्यात कोरफड एकदा कुजली. तेव्हा मी त्यांना समजावलं होतं.

इन्सुलिन प्लांटला सावली लागते. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं लागलं की पानांच्या कडा करपतात. माती कायम ओलसर हवी. खोडाचा तुकडा ओल्या मातीत खोचला तरी जीव धरतो. पानं खोडाभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात, चव आंबूस. कोरफडीचं सगळं उलटं. तिला ऊन हवं, वाळू मिसळलेली माती हवी, आणि पाणी कुंडी सुकल्यावरच. बाजूला पिल्लं फुटतात, ती वेगळी लावायची. जास्त पाणी झालं की बुडखा आतून कुजतो. वरून पान हिरवंगार दिसत राहतं, हात लावला की उपटून हातात येतं.

उपयोगही वेगळे. कोरफडीचा गर जरासं भाजलं, उन्हाने कातडी लाल झाली तर लावतात, गार वाटतं. पान कापल्यावर आधी पिवळा चीक येतो, तो धुऊन टाकायचा. पोटात गेला तर जुलाब होतात. इन्सुलिन प्लांटच्या तर नावातच घोळ आहे. त्याच्या पानात इन्सुलिन नसतं. असतं तरी खाऊन उपयोग नव्हता, पोटात ते पचून जातं; म्हणून तर टोचून घ्यावं लागतं. पानाने साखर थोडी उतरते असं पुष्कळ लोक सांगतात. उतरत असेलही. पण कोणाची, किती, कुठल्या गोळीबरोबर, याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. पान खायचंच असेल तर डॉक्टरला सांगून, आणि गोळी न सोडता.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. झाडाला पाणी किती घालायचं ते मी काकांना सांगितलं. हे सांगितलं नाही.

त्यांनी इन्सुलिन प्लांटचा एक तुकडा मागून घेतला आणि आपल्या गॅलरीत लावला. सकाळी उपाशीपोटी एक पान चघळायला लागले. एक दिवस दुकानात येऊन बोट पुढे केलं. "बघ रे, काय म्हणता ती." मी मशीनवर शुगर तपासली. आकडा खरंच चांगला आला. दुकानात चारपाच माणसं उभी होती. मी मोठ्याने म्हणालो, "काका, असंच चाललं तर मला दुकान बंद करावं लागणार!"

सगळे हसले. काका सगळ्यांत जास्त हसले.

गोळ्या तेव्हा चालूच होत्या त्यांच्या. आकडा गोळ्यांचा होता. श्रेय पानाला मिळालं, आणि ते भर दुकानात मी दिलं.

पुढच्या महिन्यात ते गोळ्या न्यायला आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पायरीवर बसणं थांबलं, कुंड्यांना पाणी घालणं थांबलं. एकदा मला दिसले, समोरच्या फुटपाथवरून मान खाली घालून जाताना. त्यांच्या चाळीच्या दारात औषधांच्या ॲपवाल्याची बाइक अधूनमधून उभी असायची. मी हिशेब लावला. मुलाने ॲपवर घातलं असणार. तिथे सूट मिळते, घरपोच मिळतं. जुनी गिऱ्हाइकं अशीच एकेक जातात आणि मग तोंड चुकवतात. मला राग आला. विचारावंसंही वाटलं, पण विचारणं म्हणजे गिऱ्हाईक परत ये म्हणून हात पसरणं. वडिलांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. मीही नाही विचारलं.

त्यानंतर थेट सुजाता आली, गॉझ मागायला.

दुकान असिस्टंटवर सोडून मी तिच्याबरोबर जिने चढलो. दारातच वास आला. काका खाटेवर बसले होते, उजवा पाय स्टुलावर. मला बघून ओशाळले.

"ये डॉक्टर. उगाच आलास. चप्पल चावली रे, नवीन होती. दुखत पण नाय."

दुखत नव्हतं, हेच वाईट होतं. शुगर बरीच वर्षं असली की पायाच्या नसा बधिर होत जातात. चप्पल चावलेली कळत नाही, खिळा गेलेला कळत नाही. माणसाला वाटतं, दुखत नाही म्हणजे बरं आहे. मी फडकं सोडलं. वर कोरफडीचा गर होता, स्वच्छ, गार. खाली करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. सूज घोट्याच्या वर चढली होती.

"गोळ्या कुठून घेता काका? ॲपवरून?"

"माका खंय ॲप येता?" ते म्हणाले. "गोळ्या सोडल्या मी. पानानेच उतरली ना शुगर? तूच म्हणालास."

"मग मला सांगायला का नाही आलात?"

"कसा सांगू? एवढी वर्षं तुझ्याकडून घेतलं. आता गरज नाय सांगायचं म्हणजे तुझ्या पोटावर पाय दिल्यासारखं. समोरून जायची लाज वाटायची."

मी त्यांच्या पायाशी बसलो होतो. ते मला दुखवायला नको म्हणून रस्ता ओलांडत होते, आणि मी दुकानातून बघत रुसून बसलो होतो.

चाळीला लिफ्ट नाही. शेजाऱ्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवलं. टॅक्सी करून परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. सुजाताचा नवरा कामावर होता, म्हणून कॅज्युअल्टीत मी थांबलो. सर्जन तरुण बाई होत्या. त्यांनी जखम उघडली, शुगर बघितली आणि माझ्याकडे वळल्या.

"हे काय लावलंय?"

"कोरफड."

"कोरफड चांगली आहे. जिवंत कातडीवर. इथे वरून गार वाटत राहिलं आणि आत सडत गेलं." मग काकांना विचारलं, "आजोबा, गोळ्या कोणाला विचारून बंद केल्यात?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. एक क्षणच.

"कोणाला नाय. माझा मीच शहाणा."

"आणि तुम्ही कोण यांचे?" त्यांनी मला विचारलं.

"मी... केमिस्ट. यांच्या समोरच."

"मग गोळ्या न्यायला यायचे बंद झाले तेव्हा तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं," मी म्हणालो.

गोळ्यांचं श्रेय पानाला मीच दिलं होतं, हे सांगितलं नाही. त्या कागदावर लिहायला लागल्या. काकांनी मला वाचवलं आणि मी वाचलो. ती गोष्ट मी त्यांच्या मुलालाही अजून धड सांगितलेली नाही. सुजाताला माहीत आहे. ती बोलत नाही.

आधी दोन बोटं काढली. सडणं थांबलं नाही. मग गुडघ्याखाली पाय काढावा लागला. जीव वाचला. हॉस्पिटलात डॉक्टर याला यश म्हणतात आणि त्यांच्या बाजूने ते खरंच आहे. काकांना गोळ्या परत सुरू केल्या, शिवाय इन्सुलिन. बाटलीतलं.

काका आता खाली येत नाहीत. नकली पाय मिळाला आहे, पण तीन जिने त्यावर होत नाहीत. निम्मा जन्म लोकांना वर-खाली नेण्यात गेला आणि आता स्वतः तिसऱ्या मजल्यावर बसून असतात. त्यांची औषधं दर महिन्याला मीच वर नेऊन देतो. गॅलरीतलं इन्सुलिन प्लांट जोमात आहे. सुजाता ते फेकायला निघाली होती, त्यांनी फेकू दिलं नाही. म्हणाले, "झाडान काय केलां?"

पहिल्यांदा औषधं घेऊन गेलो, तेव्हा माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. जिना चढताना वाक्यं जुळवली होती. दारात पाऊल टाकलं आणि खाटेवरून त्यांनीच हाक मारली.

"काय डॉक्टर, दुकान बंद नाय ना केलंस?"

ते हसत होते. खरंच हसत होते, टोमणा नव्हता. माफी तशीच राहिली. पिशवी टेबलावर ठेवली, कुठली गोळी कधी घ्यायची ते सुजाताला सांगितलं आणि खाली आलो.

दुकानाबाहेरच्या दोन्ही कुंड्या मी ठेवल्या आहेत. पाणी आता मी घालतो. कोणी इन्सुलिन प्लांटचा तुकडा मागितला तर आधी विचारतो, गोळ्या चालू आहेत ना? लोक वैतागतात. वैतागू देत. कोणी 'डॉक्टर' म्हणालं तर सांगतो, मी केमिस्ट आहे.

आणि रिपीटचं गिऱ्हाईक आलं नाही तर फोन करतो. बहुतेक जण ॲपवरूनच मागवत असतात. अवघडून तसं सांगतात, कोणी खोटं कारण देतात. परवा एक बाई म्हणाल्या, "सॉरी हं, तुम्हाला वाईट वाटलं असेल." मी म्हटलं, "नाही हो. गोळ्या घेताय ना? मग झालं."

गिऱ्हाईक तुटलं असं वाटलं, की आधी त्याची तब्येत विचारावी. रुसायला नंतर वेळ असतो.