अर्डिथच्या भिंतीवरचे तुकडे

अर्डिथ कुबिचेक यंदा शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली. वार्षिक अंकासाठी तिच्याविषयी दहा ओळी द्या, असं पोरांनी मला सांगितलं. मी दिल्या. प्रेमळ, कष्टाळू, सदा हसतमुख वगैरे. त्यातलं खोटं काहीच नाही. पण त्या दहा ओळी लिहिताना मी दातओठ खात होते, ते काही अंकात छापून येणार नाही. म्हणून हे वेगळं लिहितेय.

मी जोलीन पाव्हलिक. आमच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते आणि पेप क्लबची प्रमुख आहे. टीमच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडणं, गावातल्या दुकानांच्या काचा रंगवणं ही या क्लबची कामं. पण खरं काम शुक्रवारचं. फुटबॉलच्या मॅचआधी वीस फूट लांब कागदी बॅनर मैदानाच्या तोंडाशी दोन खांबांना ताणून धरायचा आणि बॅजर या पट्टेरी तोंडाच्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याचं नाव लावणाऱ्या आमच्या टीमने तो फाडून धावत आत शिरायचं. तीन दिवस खपून केलेल्या चित्राच्या तीन सेकंदांत चिंध्या होतात. नेब्रास्कातल्या आमच्याएवढ्या गावात शुक्रवारी दुसरं काही घडत नाही, त्यामुळे ते तीन सेकंद बघायला सगळं गाव लोटतं.

प्रमुख मी, कागदोपत्री. बॅनर व्हायचा तो अर्डिथच्या जेवणघरात. दुपारची जेवणं उरकली, टेबलं भिंतीशी उभी केली, की ती खाटकाच्या दुकानातला पांढरा कागद फरशीवर उलगडायची. घेवड्याच्या रिकाम्या डब्यांत रंग. पोरं बूट काढून कागदावर ओणवी व्हायची आणि अर्डिथ एप्रनसकट त्यांच्यात बसायची. चित्रकलेचा तिला गंध नव्हता. हे मी जळून म्हणत नाही, म्हणजे जळतेच, पण हे खरंच आहे.

"अर्डिथ, हा बॅजर आहे की डुक्कर?" पोरं विचारायची.

"डुक्करच आहे. पण आपल्या बाजूचं आहे. गप रंगव."

हसून हसून पोरांच्या हातातले ब्रश गळायचे. तेवढ्यात मी जायचे आणि म्हणायचे, "कान फार खाली आलेत, जरा पुसून घ्या." सगळे पाठ सरळ करून बसायचे. "हो, मिसेस पाव्हलिक." ती नुसती अर्डिथ आणि मी मिसेस पाव्हलिक. तेवढ्यानेच माझ्या पोटात दुखायला लागायचं.

तिच्याजवळ होतं काय? मक्याच्या यंत्रात वडिलांचा हात गेला आणि अकरावीत तिची शाळा सुटली. त्यानंतर ती शाळेत आली ती बटाटे सोलायला. नवरा लेनर्ड धान्याच्या कोठारावर कामाला, मूलबाळ नाही. मी कॉलेज केलेली, दोन मुलांची आई, अंगणात सफरचंदाची झाडं. हेवा तिने माझा करायला हवा होता. तिला ते सुचलंच नाही, याचाही मला राग यायचा.

आता खरं दुखणं सांगते. वर्षातल्या शेवटच्या मॅचला आमच्याकडे एक रीत आहे. टीम आत शिरली की क्लबमधली बारावीची मुलं फाटलेल्या बॅनरचा एकेक तुकडा उचलतात आणि ज्या मोठ्या माणसाने आपल्याला इथवर आणलं असं त्यांना वाटतं, त्याच्या हातात देतात. बोलायचं काही नसतं. कुणी वडिलांना देतं, कुणी आजीला, एकाने तर बसच्या ड्रायव्हरला दिला होता. अर्डिथला दर वर्षी निदान एक मिळायचाच. सत्त्याण्णवपर्यंत मला प्रमुख होऊन अकरा वर्षं झाली होती आणि मला एकदाही मिळाला नव्हता. दर वर्षी मी हातमोजे काढून उभी राहायचे आणि मग थंडी वाजली म्हणून ते परत घालायचे.

सत्त्याण्णव साली माझी केंड्रा बारावीत आली. ती क्लबमध्येच होती. घरी जेवायला बसली की तिचं सुरू व्हायचं, अर्डिथ असं म्हणाली, अर्डिथने तसं केलं.

"आई, अर्डिथच्या गोड कोलाचे पावात खसखस जास्त असते."

"मग जा तिच्याकडेच राहायला!"

"ती म्हणालीय, कधीही ये. पण आईला विचारून ये."

बघा. बोट ठेवायला जागा म्हणून ठेवायची नाही बाईने!

केंड्राचा तुकडा कुणाला जाणार, हे मला दिसत होतं. ऑगस्ट संपायच्या आत मी मुख्याध्यापक हॉर्नुंग यांना चिठ्ठी लिहिली: जेवणघराच्या फरशीवर रंग सांडतो, तपासणी झाली तर शाळेची शोभा होईल, तेव्हा बॅनर माझ्या वर्गात व्हावा. त्यांनी लगेच होकार दिला. मी अर्डिथला सांगायला गेले तेव्हा मनात उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "माझे गुडघे सुटले."

भांडलीसुद्धा नाही! माझा नुसता तिळपापड झाला.

त्या हंगामात बाहेरच्या मॅचच होत्या सुरुवातीला, नंतर दोनदा पावसाने बॅनर लावताच आला नाही. त्यामुळे माझ्या हातचा पहिला बॅनर लागला तो थेट शेवटच्या मॅचला. पण काय बॅनर होता! बॅजरच्या मिशीचा केसन् केस दिसत होता. मुलांना मी फक्त कडा रंगवू दिल्या. आमच्याकडचा वारा ठाऊक असल्यामुळे कागद दुहेरी लावला आणि मागून आडव्या-उभ्या, दोरा घातलेल्या जाड चिकटपट्ट्या मारल्या. वाऱ्याची काय बिशाद!

बँड सुरू झाला. कप्तान कोडी ब्राझ्दा, चांगला शंभर किलोंचा गडी, आरोळी ठोकून धावत आला आणि कागदावर आदळला. कागद फुगला आणि त्याने कोडीला परत पाठवलं. तो उताणा पडला. मागचे सात त्याच्यावर पडले. पाहुण्यांच्या बाकांवर लोक पोट धरून हसायला लागले. आमच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "जोलीन, कागद लावलास की भिंत बांधलीस?" मग आमचेही हसले.

अर्डिथ बाकांवरून एकेक पायरी गुडघे सांभाळत खाली उतरली. कोटाच्या खिशातून तिने बटाटे सोलायची सुरी काढली.

"मागून मधोमध उभी चीर द्यायची असते गं," ती हळूच म्हणाली. "दर वेळी मी गपचूप देऊन ठेवायचे. तुला सांगायचं राहिलं. माझंच चुकलं."

मी अकरा वर्षं पुढच्या बाजूला कर्णा घेऊन उभी. मागे काय चालतं ते मला कुठून कळणार? आणि चुकलं म्हणायचा मोठेपणाही तिनेच घेतला!

तिने वरून खालपर्यंत सुरी फिरवली. पोरं ओरडत आत शिरली, कागद फाटला, गावाने टाळ्या वाजवल्या. बारावीची चार मुलं पुढे झाली. तिघांनी आपापले तुकडे आपापल्या घरच्यांना दिले. केंड्राने बॅजरचा कान उचलला. मी मैदानाकडेच्या दोरीपाशी उभी होते, उघड्या हातांनी. अर्डिथ माझ्या उजवीकडे चार पावलांवर, सुरी पुसत. केंड्रा निघाली ती सरळ तिच्याकडे. नजरही तिच्यावरच.

अर्डिथने मान हलवली. अगदी थोडी. आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

केंड्रा थांबली. मग वळली. "घे, आई," ती म्हणाली.

अर्डिथची ती खूण मला दिसलीच नाही, असं मी आजवर सगळ्यांना भासवत आलेय. मी म्हणायला हवं होतं, जा, तिला दे. तोंडापर्यंत आलंही असेल. पण मी तो तुकडा दोन्ही हातांनी घेतला. अर्डिथ सुरी बगलेत धरून टाळ्या वाजवत होती. ज्या बाईच्या हातात काही पडलं नाही, तिचा चेहरा एवढा फुललेला कसा असू शकतो?

निवृत्तीनंतर गेल्या महिन्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. क्लबतर्फे सूप घेऊन मी गेले. थोडं सांडलं म्हणून टॉवेल शोधत कपडे धुण्याच्या खोलीत शिरले. तिथे भिंतीवर एका ओळीत खिळे होते. प्रत्येक खिळ्याला बॅनरचा तुकडा आणि खाली कागदी पट्टीवर तिच्या अक्षरात वर्ष आणि नाव. डुकरासारखे बॅजर, वाकडीतिकडी अक्षरं, पंचवीस-एक वर्षांची. मी सत्त्याण्णव शोधलं.

खिळा होता. खाली लिहिलेलं होतं, '१९९७, केंड्रा'. खिळ्यावर काही नव्हतं.

"टॉवेल सापडला का गं, जोलीन?" तिने पलंगावरून विचारलं.

"सापडला," मी म्हणाले.

केंड्राने दिलेला तुकडा माझ्या बैठकीच्या खोलीत आहे, काचेच्या चौकटीत. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो दाखवते. आणि खरं सांगायचं तर, मला अर्डिथच्या त्या रिकाम्या खिळ्याचा हेवा वाटतो.