करवंदीचा काटा

तो छर्रा माझा होता.

एवढं एक वाक्य बोलायला मला चौदा वर्षं लागली. बायकोला मी ते अजून सांगितलेलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला गेल्या मे महिन्यात सांगितलं, आणि आज तुम्हांला सांगतो आहे. पण लगेच मुद्द्यावर येईन असं समजू नका. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट सांगताना माणूस शेवटपर्यंत आडवळणं शोधतो — निदान मी तरी शोधतो.

राजापूर तालुक्यातल्या नाटे गावात माझं खतं, बियाणं आणि जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. गाय चारा खाईना, कोंबड्या माना टाकायला लागल्या, की लोक डॉक्टरच्या आधी माझ्याकडे येतात. त्या काळी माझी आणखी एक ओळख होती. एअरगनमधलं कळणारा माणूस. रविवारी सकाळी दुकानामागच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, पुठ्ठा टेकवून आम्ही चार-पाच जण नेम धरायचो, आणि मी शिकवायचो. अगदी मास्तरासारखं.

चपट्या तोंडाचा छर्रा पुठ्ठ्यासाठी, लांब गेला की भरकटतो. पोकळ तोंडाचा आत जाऊन पसरतो, पण जवळूनच. शिकारीला गोल डोक्याचा बरा, सरळ जातो आणि ताकद राखतो. टोकदार मात्र वापरू नका — दिसायला जबरदस्त, पण सुईसारखा शिरतो, जनावर तिथे पडत नाही, पळतं आणि कुठेतरी झुडपात दोन-चार दिवसांनी मरतं. सशाच्या अंगावर कधी मारायचं नाही. डोळा आणि कानाचं मूळ यांच्या मधे, पंचवीस पावलांच्या आत. डोकं दिसत नसेल तर चापावरचं बोट काढा आणि घरी जा. मारायचंच तर त्याला कळायच्या आत मारा. हे शेवटचं वाक्य मला फार आवडायचं. ते म्हणताना मी आवाज जरा खाली आणायचो.

सशाची शिकार हा गुन्हा आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण माझी शिकार इतरांसारखी नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं. मी दयाळू शिकारी होतो ना?

हसनचाचा कधीकधी गडग्यापलीकडे उभे राहून हे ऐकायचे. उमेदीची वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर काढली, आणि परत येऊन गावामागच्या सड्याच्या, त्या कातळी माळाच्या, कडेला घर बांधलं. एकदा ते म्हणाले, "काय रे सुधीर, सशाला आधी विचारून घेतोस काय, बाबा कुठं लागू म्हणून?" सगळे हसले. मीही हसलो. पण लागलं मला ते. लोक माझं ज्ञान ऐकायला येतात, आणि हा म्हातारा त्याची थट्टा करतो? — बघा, अजूनही मी त्यांचीच काहीतरी चूक शोधतो आहे. त्यांनी काही केलं नव्हतं.

त्या वर्षी मुंबईच्या चुलतभावाने मला छऱ्यांची एक डबी आणून दिली. टोकदार. ती मी खणात लपवून ठेवली, कारण रविवारच्या मंडळींना दिसली असती तर माझंच हसं झालं असतं. पण रोज खण उघडून बघायचो. हे चाळीस पावलांवरून जातील का? माझे नियम मलाच कंटाळवाणे वाटायला लागले होते, ही खरी गोष्ट आहे.

दसरा होऊन गेला होता. सड्यावरचं गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडायला लागलं होतं. सकाळी सातच्या सुमाराला एअरगनमध्ये डबीतला टोकदार छर्रा भरून मी एकटाच वर गेलो. गवतात तपकिरी पट्टीसारखं काहीतरी दिसलं, आणि एक कान हलला. डोकं दिसत नव्हतं. धड दिसत नव्हतं. अंतर पंचवीसच्या किती तरी पुढे. मी त्या तपकिरी पट्टीच्या खाली, अंग असेल तिथे, अंदाजाने मारला.

बकऱ्याचा आवाज कसा असतो हे तुम्हांला माहीत आहे.

मी गवतात आडवा झालो. पुढे गेलो नाही. बकरा उठला, दोनदा ओरडला आणि हसनचाचांच्या घराच्या दिशेने चालत गेला. पळत नव्हता, चालत होता — मागचा एक पाय सांभाळत. ते पाहून मला हायसं वाटलं. काही विशेष नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि दुसऱ्या वाटेने घरी येऊन चहा प्यायलो.

तो बकरा कुठला हे मला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. तो पाच दिवसांचा असताना त्याची आई मेली. हसनचाचांच्या बायकोने, झुलेखाचाचीने, त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. मग त्याच वर्षी चाची गेली. तेव्हापासून हसनचाचांनी एकच धरलं होतं, की येत्या ईदला हिच्याच हातचा बकरा हिच्याच नावाने द्यायचा. ईद महिन्यावर आली होती. कुर्बानीचं जनावर धडधाकट लागतं. आजारी, जखमी चालत नाही.

दुपारी ते दुकानात आले. "सुधीर, जरा घरी चल. बकरा बसलाय, उठत नाय. कुशीला भोक हाय बारीक." वाटेत म्हणाले, "तू छऱ्यांचा माणूस. बघून सांग, कुणी छर्रा तर नाय ना मारला?"

मी वाकलो. केस बाजूला केले. कुशीच्या मऊ भागावर मुगाएवढं भोक, रक्त जवळजवळ नाहीच. बोट लावलं तर बकऱ्याचं सगळं अंग थरथरलं. छर्रा आतड्यापर्यंत गेला होता हे मला कळलं. गावात ते कळण्यासारखा दुसरा माणूस नव्हता.

आणि मी म्हणालो, "छर्रा नाही, चाचा. छर्रा असता तर गोल, पंच मारल्यासारखं भोक पडलं असतं. हा करवंदीचा काटा. मोडून आत राहिलाय."

चपट्या छऱ्याचं भोक खरोखरच तसं असतं. रविवारी जे शिकवायचो तेच मी खोटं बोलायला वापरलं.

त्यांनी विचारलं, टेम्पो करून राजापूरला डॉक्टरकडे नेऊ काय? मी नको म्हटलं. कशाला त्याला धक्के देता, काटा आपोआप वर येईल. डॉक्टर छर्रा शोधून काढेल याची मला भीती वाटत होती. मी त्यांना मलम दिलं, हळद लावायला सांगितली. त्यांनी मान डोलवली आणि म्हणाले, "तू हाईस म्हणून बरं."

पाच दिवस. रोज सकाळी ते दुकानात येऊन मला सांगत — आज फणसाची दोन पानं खाल्ली. आज पाणी प्यायला. आज पोट फुगलंय रे, दात खातो. रोज मला सांगता आलं असतं. रोज मी त्यांना काही ना काही पुडी बांधून दिली.

पाचव्या दिवशी ते म्हणाले, "आता बघवत नाय. पाय धरायला ये." मी गेलो. हो, गेलो. मी त्या बकऱ्याचे पाय धरले. हसनचाचांनी सुरी घरातच परजली होती आणि लुंगीच्या आड धरून आणली, त्याला दिसू नये म्हणून. त्याच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. मग एकच हात फिरला. इतकं लवकर मी सशालाही कधी मारलं नव्हतं. मांस कुणी घेतलं नाही. न सोलताच त्यांनी बकरा आंब्याच्या कलमाखाली पुरला, आणि छर्रा त्याच्याबरोबर गेला. तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता कुणाला कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घराभोवतीच्या सगळ्या करवंदीच्या जाळ्या कोयत्याने तोडल्या. त्या ईदला चाचीच्या नावाने कुर्बानी झाली नाही. दुसरा बकरा आणतो असं नातेवाईक म्हणाले, तर ते म्हणाले, तिनं वाढवलेला माझ्या हातून गेला, मी त्याला काट्यात चरायला सोडला. पुन्हा त्यांनी शेरडू पाळलं नाही.

मी एअरगन विकून टाकली. शिकार सोडली. लोकांनी विचारलं तेव्हा म्हणालो, मुक्या जिवांना मारवत नाही आता. लोकांनी त्याचंही कौतुक केलं. एकाने तर शाळेत मुलांपुढे बोलायला बोलावलं, आणि मी गेलो.

गेल्या मे महिन्यात हसनचाचा दुकानात बसले होते. आता ऐंशीला आले आहेत. एक गिऱ्हाईक शेळीसाठी औषध मागत होतं, आणि चाचा त्याला सांगायला लागले, करवंदीपासून जप, काटा आतड्यात शिरतो, माझा जीवच गेला तसा. मग माझ्याकडे बोट केलं. "ह्याला विचार. ह्यानंच ओळखला होता काटा."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेलो. अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली होती, ते ती उलटीपालटी करत होते. मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि मी चहा पिऊन परत आलो असतो. उभ्यानेच सांगितलं. सडा, गवत, डबी, सगळं.

त्यांचा हात थांबला. म्हणाले, "पयल्याच दिवशी ठाऊक होतं तुला?"

"हो."

"बोट लावलंस तवा?"

"त्याच्याही आधी."

त्यांनी हातातलं सोल खाली ठेवलं. "मग सांगायचं होतंस. पयल्याच दिवशी सुरी फिरवली असती मी. पाच दिवस कशाला ठेवला असता त्याला?"

जे म्हणायला गेलो होतो तेवढं म्हटलं.

"चाचा, बकरा मी मारला. पाच दिवस मी त्याला तडफडत ठेवला. आणि चौदा वर्षं तुम्हांला तुमची चूक वाटू दिली. तुमची काहीच चूक नव्हती. माझं चुकलं."