सर्वांत छोटा संदेश

वसुधाताई देवधरांना मी पहिल्यांदा भेटलो ते नोएडातल्या एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत. उदारीकरण आलं होतं, लिफ्ट यायची होती. चार जिने चढून मी मुलाखतीला पोचलो, तर ताईंनी आधी पाणी दिलं आणि मग तासभर घाम काढला.

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाष्या. तो लिहिणं हे आमचं काम. यंत्राकडून आलेल्या संदेशाच्या शेवटी काही जादा अंक असत. ते छाटून मजकूर पुढे द्यायचा. संदेश फारच लहान असेल, तर छाटणी होत नाही आणि छाटणारी आज्ञा तसं कळवते. मी ते तपासलंच नाही. छाटणी झाली असं धरून लांबीतून ते अंक वजा केले, छोट्या संदेशांची लांबी शून्याखाली गेली आणि असे संदेश कचऱ्यात पडू लागले. ताईंच्या तपासणीतूनही हे निसटलं.

आमची प्रणाली एका इस्पितळात होती. हृदयाचा लांबलचक आलेख नीट पोचायचा. धोक्याचा इशारा हा सर्वांत छोटा संदेश, तो हरवला. एक वृद्ध गृहस्थ दगावले. गजर ऐकला नाही, असा ठपका ठेवून ड्यूटीवरच्या नर्सला निलंबित केलं.

चूक ताईंनीच शोधली. आमच्या कंपनीचे मालक म्हणाले, "मॅडम, अगले व्हर्जन में ठीक कर दीजिए, बात खत्म." ताईंनी इस्पितळासाठी अहवाल लिहिला: गजर वाजलाच नव्हता. खाली चूक करणारा म्हणून माझं नाव, आणि तपासणारी म्हणून स्वतःचं.

नर्स कामावर परतली, आमच्या दोघांच्या नोकऱ्या गेल्या, हे हा गौरवांक वाचणाऱ्या आपणा सर्वांना ठाऊक आहे. गेलेला माणूस गेलाच.

ठाऊक नाही ते मी सांगतो. अहवाल जायच्या आदल्या संध्याकाळी मी दिल्लीत सरोजिनी नगरला त्यांच्या घरी गेलो होतो. माझं अमेरिकेला जाणं ठरलं होतं. मी म्हणालो, "ताई, अहवाल नका पाठवू. अमेरिका बुडेल, बाबांना काय सांगू? नर्स काय, तिला दुसरी नोकरी मिळेल."

ताईंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "चहा घे. तुझ्या बाबांना मी सांगते, चलो."

आमच्या घरी येऊन त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, "चूक दोघांची आहे. मुलगा वाईट नाही." माझं नर्सबद्दलचं ते वाक्य तासाभरापूर्वी ऐकूनही. पुढे कधी कुणाजवळ त्यांनी ते काढलं नाही.

ताई, आज तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. हे कागदावर लिहिलं, पण तुमच्यासमोर बसून माफी मागायला मला अजून धीर होत नाही.